पाठ, पोट आणि काठ

चांगली वाकळ एका हाताने उचलत नाही. ती दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरावी लागते, आणि आपण ती नीट सावरेपर्यंत देणारी बाई पुढच्या कामाला लागलेली असते. या भेटीला रंगीत कागद पुरत नाही. ती जुन्या चादरीच्या गाठोड्यातून येते, एसटीत सीटखाली पायाने सरकवत आणलेली असते, आणि देताना तिच्याविषयी जे बोललं जातं ते साधारण असं: "जुनेराचीच आहे बाई. नाही आवडली तर दारात टाक पाय पुसायला." साडी देणारी बाई दुकानाचं नाव सांगते, घड्याळ देणारा वॉरंटीचं कार्ड आठवणीने हातात ठेवतो. गोधडी देणारी मात्र तिची किंमत स्वतःच पाडून मोकळी होते. घेणाऱ्याला तिचं दडपण वाटू नये, अशी त्यामागे काळजी असावी. की कौतुक ऐकून घ्यायची सवय नसते म्हणून? दोन्ही असेल.

मला अशा गोधड्या मिळत आल्या. आत्याकडून, आजीकडून, सासूबाईंकडून, आणि रक्ताचं नातं नसलेल्या शेजारच्या मावशींकडूनही. आमच्या कऱ्हाडकडे तिला वाकळ म्हणतात. सासूबाई विजापूरकडच्या, त्या कौदी म्हणायच्या. पुण्यात संसार थाटल्यावर दोन्ही नावं हळूहळू मागे पडली आणि गोधडी तेवढी राहिली. विकत मात्र मी एकही घेतलेली नाही. दुकानात हल्ली देखण्या गोधड्या मिळतात, शिवणाऱ्या बायकांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे, त्याला नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण घरात अंथरायलाच पुरून उरतील इतक्या असताना आणखी घेऊन ठेवायच्या कुठे, हा साधा जागेचा प्रश्न आहे.

आजी वाकळ शिवायला काढायची ती उन्हाळ्यात. सुगी आटोपलेली, पेरणीला अवकाश, आणि दिवसभर लख्ख ऊन. सारवलेल्या अंगणात खालचं लुगडं अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले की त्या चौकोनात कुणी पाय टाकायचा नाही, असा दंडक होता. कोंबड्या तो पाळत नसत. आम्हा मुलांना त्या कोंबड्या हाकलायच्या कामावर बसवलेलं असे.

लुगडं म्हणजे नऊवारी, आठ मीटरांच्या आसपासचं कापड. ते सगळीकडे सारखं झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो. पदर त्यामानाने टिकतो. काठाची वीण घट्ट, तो सगळ्यांत शेवटी जातो. पण विरलं म्हणून लुगडं लगेच वाकळेत जात नसे. मधला विरलेला भाग काढून टाकून उरलेल्या दोन बाजू एकमेकींना जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणत, आणि ते दंडाचं लुगडं आणखी वापरायचं. आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी सणावारालाही दंडाचं लुगडं नेसलेलं आहे, आणि तो दंड निऱ्यांत लपवण्याचं कसब त्यांच्याकडे होतं. तेही फाटलं की मग त्याची पाळी यायची. त्यामुळे वाकळेत येणारं कापड आधीच दोनदा निवृत्त झालेलं असायचं.

बऱ्यातला बरा भाग पाठीला आणि तोंडाला. पोटात जायची आजोबांची धोतरं, पंचे, सदऱ्यांच्या पाठी, परकर, उशांचे अभ्रे, काकाच्या शाळेच्या खाकी चड्ड्या. सदऱ्याची बटणं आधी कापून पत्र्याच्या डब्यात टाकायची. शिवणी उसवायच्या, कारण जाड शिवण पोटात राहिली की झोपणाऱ्याच्या बरगडीला रुतते. तुकडे एकमेकांवर थोडे चढवून अंथरायचे आणि मग आजी डोळे मिटून सगळीकडे तळवा फिरवायची. हाताला खड्डा लागला की तिथे आणखी एक चिंधी. हे डोळे मिटणं मला तेव्हा देवाधर्माचं काहीतरी वाटायचं. खरं कारण एवढंच, की नक्षीच्या कापडावर उंचसखल डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं.

मग टाके. टाका सगळ्यांत सोपा, धावदोरा. तिसरीतल्या मुलीलाही येतो. पण चार-पाच थरांतून सुई काढायची म्हणजे मागून बोटाचा रेटा द्यावा लागतो. आजीच्या मधल्या बोटाच्या टोकाला घट्टा पडला होता, आम्ही त्याला नख लावून बघायचो, तिला कळायचंही नाही. शिवण कडेपासून सुरू होते. चार बाजूंना चार बायका बसतात, बाहेरचा चौकोन पुरा झाला की बोटभर जागा सोडून आत दुसरा, मग तिसरा. असं करत बायका हळूहळू मध्याकडे सरकत येतात आणि शेवटी वाकळेवरच बसून शिवतात. मधला शेवटचा चौकोन बंद करण्याआधी आजी आत तांदळाचे दाणे टाकायची. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणे. एरवी आजी अंधश्रद्धांच्या बाबतीत फटकळ होती, पण या बाबतीत तिने कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि तांदूळ धुण्यात भिजून आत कुजतील हा माझा शहाणपणाचा मुद्दा तिने उत्तर देण्याच्याही लायकीचा मानला नाही.

माझ्याकडे जी आजीची वाकळ आली तिच्यावर चार हात आहेत, आणि ते अक्षरासारखे ओळखू येतात. आजीचा टाका आखूड, तांदळाएवढा, ओळ किंचित डावीकडे कलणारी. आत्याचा लांब आणि उतावळा, मधेच दोऱ्याची गाठ वर आलेली. शेजारच्या एक बाई डावखुऱ्या होत्या, त्यांच्या बाजूच्या ओळीत दोरा संपतो तिथली मारलेली गाठ बाकीच्यांच्या उलट बाजूला आहे. चौथी बाजू धाकट्या काकूची. ज्या उन्हाळ्यात ही वाकळ शिवली त्या उन्हाळ्यात बांधावरून घरात मोठं भांडण झालं होतं, आजी आणि काकू एकमेकींशी बोलत नव्हत्या, चुली वेगळ्या होण्याच्या बेतात होत्या. तरी दुपारी जेवणं झाली की काकू येऊन आपल्या बाजूला बसायची. सुई हवी असली की मला सांगायची, "आजीला म्हणावं, सुई द्या." आजी दोन हातांवर बसलेली. मी सुई घ्यायची आणि द्यायची. त्या भांडणाचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही, चुली काही वेगळ्या झाल्या नाहीत. पण काकूची बाजू इतर तिघींपेक्षा नीटस आहे, एकही टाका वाकडा नाही. रागाने शिवलं की असं होतं, असं आई म्हणायची.

म्हणून "मायेची ऊब" हे शब्द गोधडीच्या बाबतीत कुणी वापरले की मी जरा सावध होते. ते आता इतके स्वस्त झाले आहेत की गोधडीच्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीवरसुद्धा छापलेले दिसतात. ऊब मायेची नसते आणि कापडाचीही फारशी नसते, ती थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. म्हणून तर एका जाड घोंगड्यापेक्षा पातळ कापडाचे पाच थर अंगाला बरे वाटतात, आणि म्हणूनच टाके फार आवळले की गोधडी गार पडते. शिवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, "दोरा ओढू नको, जीव गुदमरतो तिचा" एवढंच त्या म्हणायच्या. माया त्यात असतेच, नसते असं कोण म्हणेल. पण गुडघेदुखी असते, मोतीबिंदू यायच्या आधीचे डोळे असतात, आणि कधी कधी बांधावरचं भांडणही असतं. हे सगळं एका गोड शब्दात गुंडाळलं की शिवणारीची सुटका होत नाही, आपली होते.

आणि सगळ्या वाकळा काही घरच्या बायकांनी शिवलेल्या नसत. गावात वाकळ शिवून देणाऱ्या बायका यायच्या, खांद्यावर झोळी, कडेला मूल, गल्लीतून हाळी देत. त्यांना जुनेर काढून द्यायचं, ओसरीची जागा द्यायची, आणि मजुरी म्हणून पायलीच्या हिशेबाने जोंधळे, वर एखादं नेसण्याजोगं लुगडं. आत्याने मला लग्नात दिलेली गोधडी अशीच एका बाईकडून शिवून घेतलेली आहे. आत्याची लुगडी, तिच्या सासऱ्यांची धोतरं, आणि टाके त्या बाईचे. ती भेट नेमकी कुणाची? मी ती आत्याची म्हणते, सगळे तसंच म्हणतात. पण रोज रात्री माझ्या हाताखाली येतो तो त्या बाईचा टाका, आणि तिचं नाव आत्यालाही सांगता आलं नाही. "ती बुटकी, तपकीर ओढणारी" एवढंच. त्या बाईने एका कोपऱ्यात, कुणी सांगितलेलं नसताना, लाल काठाच्या तुकड्याचा त्रिकोण बसवलाय. बाकीच्या तीन कोपऱ्यांना तो नाही. कापड संपलं असेल, किंवा तिला वाटलं असेल की निदान इथे तरी मी आहे म्हणून दिसावं.

आपल्याकडे गोधडीवर नाव घालायची रीत नाही. बंगालच्या कांथेवर कधी कधी असतं. कोलकात्याला जोका भागात गुरुसदय संग्रहालय आहे, तिथे मानदासुंदरी नावाच्या लेकीने वडिलांसाठी शिवलेली कांथा आहे, एकोणिसाव्या शतकातली. तिच्यावर माणसं आहेत, शिपाई आहेत, आणि अक्षरांत तिने दोऱ्याने लिहून ठेवलंय की ही मी माझ्या हाताने वडिलांसाठी केली. लेकीने बापाला दिलेली भेट, आणि लेकीची सही. मला त्या कांथेचा हेवा वाटतो. एवढ्या वर्षांनंतरही तिथे कुणाला विचारावं लागत नाही की ही कुणाच्या हातची.

आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पुढे गोव्याकडून पळून आलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठीही आहे. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, तीही कडेपासून आत, मध्यावर येऊन संपणारी. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं नसलेली कवंदी म्हणजे नागडी असं तिथे मानतात. हे वाचलं तेव्हा मला आत्याच्या गोधडीतला तो एकटा लाल त्रिकोण आठवला. संबंध असेलच असं नाही. कोपरा सगळ्यांत आधी फाटतो, तिथे जगातली कुठलीही शिवणारी बाई जास्तीचं कापड लावेल. पण फुलाशिवाय नागडी, हा विचार सुचायला मात्र एका विशिष्ट ठिकाणी बसावं लागतं.

बाळाच्या दुपट्याची गोष्ट थोडी वेगळी. ते मिळतं तेव्हा घेणाऱ्याला काही कळत नसतं. माझ्या मुलीच्या वेळी आत्याने बाळंतविडा पाठवला: झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि तीन दुपटी. सगळं जुन्या मऊ कापडाचं. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही ही रीत कुणी पाळतं ते शकुन म्हणून, पण त्यात शहाणपण आहे. नव्या कापडाला खळ असते, ती ताज्या कातडीला बोचते. शंभरदा धुतलेल्या पंच्याला काही उरलेलंच नसतं बोचायला. बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडे सुजनी करतात तीही मुळात नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी, जुन्या साड्यांची. दूरदूरच्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट ठरवून टाकलेली आहे, की माणूस पहिल्यांदा गुंडाळायचा तो वापरलेल्या कापडात.

त्या तीन दुपट्यांतलं आता एकही धड उरलेलं नाही. एक मुलीने पुरतं फाडेपर्यंत ओढलं, अंगठा तोंडात आणि दुपट्याचा काठ नाकाशी, धुवायला काढलं की रडून घर डोक्यावर. दुसरं चिंध्या होऊन सायकल पुसायच्या कामी गेलं. तिसरं आईने डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत ठेवलं, "तिच्या बाळाला होईल" म्हणून. पंचवीस वर्षांनी काढलं तर घड्यांवर पिवळं पडलेलं, आणि घडी उघडताना कापड घडीवरच फाटलं. वापरलं नाही म्हणून ते काही राहिलं नाही. सुती कापडाचं असंच आहे, दडवून ठेवलं तरी ते आपल्या वेगाने जातंच, फक्त कुणाच्या अंगावर न जाता जातं.

शेजारच्या मावशींनी दिलेली गोधडी मी सुरुवातीला पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. फार सुबक, हिरव्या खणांच्या तुकड्यांची किनार, ती कुणी रोज अंगावर घेईल का! मावशी चहाला आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि उठता उठता निजायच्या खोलीत डोकावल्या. "वापरत नाहीस होय?" त्यांनी आवडली का असं कधीच विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला नंतर सगळ्या देणाऱ्यांच्या तोंडी ऐकू आला. आत्या फोनवर विचारायची, "घेतेस ना अंगावर?" सासूबाई सुटीत आल्या की त्यांची कौदी कुठल्या पलंगावर आहे ते आधी बघायच्या, ती विरलेली दिसली की खूष व्हायच्या आणि सुई मागायच्या. कौदी जुनी होत चालली आहे याचा असा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. ठिगळ लावता लावता म्हणायच्या, "झोपताय सगळे नीट."

जपून ठेवण्याच्या कापडांची जात वेगळी. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. त्या लांबच लांब कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, आणि चारशे वर्षं ती लोकांनी सांभाळली. ती कुणी थंडीत पांघरायची नाही हे उघडच आहे, तिच्यावरचा मजकूर हेच तिचं काम. उलट गाडगेबाबा. चिंध्यांचं ठिगळाठिगळांचं कापड अंगावर, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणायचे. ते कापड त्यांनी संग्रहासाठी नेसलं नव्हतं. गोधडी या दुसऱ्या जातीची आहे. तिच्यावर लिहिलेलं काही नाही, तिचं काम अंगावरच होतं, आणि तिथेच ती संपते. संग्रहालयात, कापडांच्या पुस्तकांत आज गोधड्यांना जागा मिळते आहे, मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तकच केलं, आणि ते व्हायला हवं होतंच. नाहीतर टाक्यांची ही पद्धत पुढच्या कुणाला कळणारही नाही. पण घरातली गोधडी घरातच संग्रहालयासारखी ठेवणं, हे मला पटत नाही. देणारीला तर ते चक्क अपमानासारखं वाटतं.

वापरायची म्हणजे धुवायची, आणि इथे शहरातल्या भल्याभल्यांची भक्ती संपते. कऱ्हाडला घट बसायच्या आधी, पितृपंधरवड्यात, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्याच्या अलीकडे बायकांची झुंबड. सोड्याच्या पाण्यात भिजवलेली वाकळ खडकावर टाकून आधी मुलांनी नाचायचं, मग धोपटायची, मग दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ घालायचा. भिजलेल्या वाकळेला पीळ घालणं हे दोन बायकांमधलं भांडण मिटवायचं उत्तम साधन आहे, कारण एकीने जोर कमी केला की दुसरी पाण्यात बसते. मग खडकांवर, झुडपांवर, काठच्या कुंपणांवर वाळत घातलेल्या वाकळा. त्या दिवशी कुणाच्या घरात काय फाटलंय, कुणी नवी शिवलीय, कुणाच्या सुनेचे टाके कसे आहेत, सगळं गावाला समजायचं.

फ्लॅटमध्ये हे जमत नाही. मशीन एवढं ओझं फिरवत नाही. ड्रायक्लीनवाला हातात घेऊन म्हणतो, "याची गॅरंटी नाही, ताई." मी न्हाणीघरात टबात पायाने तुडवते, नवऱ्याला पिळायला बोलावते, आणि गच्चीवर तारेला टाकते. तार वाकते. खालच्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीत थेंब पडतात, त्यांचा निरोप येतो. वर्षातून एकदा हे ऐकून घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही.

गोधडीवर खरं संकट आलं ते मात्र नायलॉनचं. आईच्या पिढीने नायलॉन आणि टेरिकॉट आनंदाने नेसलं. धुवायला सोपं, वाळायला पटकन, इस्त्रीची कटकट नाही. रोज भल्या पहाटे उठणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा दिलासा कुणी दिला होता? तिला दोष देण्यात काही अर्थ नाही. पण त्या साड्या विरत नाहीत. वीस वर्षांनीही तशाच करकरीत, रंग तेवढा उडालेला. सासूबाईंनी एकदा अशा साड्यांची कौदी करून पाहिली. थर एकमेकांवरून घसरायचे, सुई निसटायची, आणि पांघरल्यावर आतून घाम. ती कौदी अजूनही नव्यासारखी आहे. एकही धागा निघालेला नाही. गाडीवर झाकायला वापरतो.

माझ्या भावाची मुलगी कापडाचं डिझाईन शिकते. तिने मागच्या वर्षी मला गोधडी दिली, टी-शर्टांची. कॉलेजच्या कार्यक्रमांचे टी-शर्ट, मॅरेथॉनचे, तिच्या बाबाच्या ऑफिसातले, छातीवरची अक्षरं अर्धी कापलेली. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून तिने खाली मांजरपाट लावून आधी ते घट्ट केलं, मग हाताने टाके घातले. टाके लांब आहेत, आत्यासारखे. आत्याला तिने पाहिलेलं नाही. देताना म्हणाली, "फार खास नाही गं, जुनेच टी-शर्ट आहेत, आवडली नाही तर योगा मॅट म्हणून घे." ऐकून मला हसू आवरेना. तिला वाटलं मी गोधडीला हसते.

यंदाच्या उन्हाळ्यात सगळे कऱ्हाडला जमलो होतो आणि आजीच्या वाकळेचा विषय निघाला. मी ती दुरुस्तीला म्हणून नेली होती, पण आता ठिगळ लावायला धरायलाच कापड उरलेलं नाही, सुई जिथून जाते तिथून ते सुटतं. भाऊ म्हणाला काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावू, त्याने एका हॉटेलात असं पाहिलंय. काकू, आता ऐंशीच्या पुढे, खाटेवरून म्हणाली, "भिंतीला थंडी वाजते व्हय रं?"

तिचं म्हणणं होतं, पोटात घाला. जुन्या वाकळेवर दोन्हीकडून धड लुगडी घालायची आणि सगळी नव्याने शिवायची, आजीनेही तिच्या सासूच्या वाकळेचं हेच केलं होतं. म्हणजे आपण जिला आजीची वाकळ म्हणतो तिच्या आत आणखी एक आहे, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. भाचीने लगेच उसवून बघायची तयारी दाखवली, काकूने तिच्या हातातली कात्री काढून घेतली. मग भाचीने सुचवलं की वरच्या कापडात एक खिडकी ठेवू, त्यातून जुने टाके दिसतील. काकूने यावर खरंच विचार केला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाली, खिडकी ठेवशील तर तिथूनच फाटेल.

वहिनीने आईच्या चार साड्या काढून आणल्या, सुती म्हणून. काकूने प्रत्येकीच्या पदरातून एकेक धागा ओढला आणि काडेपेटी मागितली. पहिला धागा कागदासारखा जळून राख झाला. दुसराही. तिसरा आणि चौथा आक्रसले आणि टोकाला काळा कडक मणी धरला. "ह्या दोन परत कपाटात." मग दोऱ्याचं रीळ बघितलं. पांढरं. "मळतं हे. गडद आण." भाची गाडीची किल्ली घेऊन निघाली. काकूने अंगणात नजर टाकली, कोपऱ्यांचे दगड मोजले, मग आमच्याकडे वळली.

"तिघीच दिसताय. चौथ्या बाजूला कोण बसणार?"

कुणी काही बोलेना. भाऊ चष्मा आणायला आत गेला.